मित्रमैत्रिणींसोबत वाईट पुस्तकं वाचून त्यांची गमतीदार परीक्षणं लिहायची आहेत. पुस्तक पूर्ण वाचायलाच हवं का?

तुम्ही लिहिलंय की चौघी मैत्रिणी मिळून दर महिन्याला एक टुकार कादंबरी वाचायची आणि तिची टर उडवणारं परीक्षण लिहायचं ठरवलंय, तर पुस्तकं कशी निवडावीत. शेवटी हळूच जोडलंय, "पन्नास पानांत दर्जा कळतोच, मग पूर्ण वाचायलाच हवं का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर देणारे पुष्कळ भेटतील. दुसऱ्यावरून माझं एका जुन्या मित्राशी २०१७पासून वाजलेलं आहे, म्हणून लिहायला बसले.

हो, पूर्ण वाचायलाच हवं. अर्पणपत्रिका, मनोगत, मलपृष्ठावरचा मजकूर, शुद्धिपत्र असेल तर तेसुद्धा. ज्याला हे जमत नाही त्याने त्या पुस्तकावर हसू नये.

मी एकवीस वर्षं मुद्रितशोधन केलं, आधी नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात आणि नंतर घरी बसून. या कामात आवडलं-नावडलं हा प्रश्नच नसतो, ओळ समोर आली की वाचायची. त्यामुळे मी वाईट पुस्तकं ढीगभर वाचली, आणि सगळी शेवटपर्यंत. त्यांच्यावर माझा जीव आहे. रात्री अकराला एखादं अचाट वाक्य सापडावं आणि ते सांगायला घरात कुणी जागं नसावं, असं वर्षानुवर्षं झालं. म्हणून २०१७च्या मे महिन्यात आम्ही कॉलेजातले पाच जण पुन्हा जमलो आणि मी हा विषय काढला, तेव्हा मला किती आनंद झाला असेल ते तुम्हाला कळेल.

नागपूरचा मे. पारा पंचेचाळीसच्या आसपास, दुपारी बाहेर पडायची सोय नाही. रविवारी सकाळी तर्री पोहे खाऊन सगळे लक्ष्मीनगरला आमच्याकडे यायचे, हॉलमध्ये कूलरसमोर गाद्या टाकायच्या आणि संध्याकाळपर्यंत मोठ्याने वाचन. एक वकील, एक दंतवैद्य, एक विज्ञानाची शिक्षिका, एक बँकेतला आणि मी. बँकेतला मित्र आमच्यातला सगळ्यात हजरजबाबी, तेव्हाही आणि आताही.

पहिला खेळ त्यानेच आणला. अमेरिकेत १९७० साली जिम थीस नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने 'द आय ऑफ अर्गॉन' ही तलवारबाजीची अद्भुतकथा लिहिली आणि ती हौशी मंडळींच्या एका छोट्या नियतकालिकात छापून आली. भाषा इतकी अवजड आणि चुका इतक्या की तिच्या प्रती हातोहात फिरल्या. विज्ञानकथाप्रेमींच्या संमेलनांत ती मोठ्याने वाचायचा खेळच सुरू झाला: जसं छापलंय तसंच, चुकांसकट वाचायचं, हसू आलं की कागद पुढच्याकडे. आम्ही हाच नियम मराठी कादंबऱ्यांना लावला. आमची दंतवैद्य मैत्रीण कधी दोन ओळींच्या पुढे गेली नाही.

मग परीक्षणं लिहायचं ठरलं. पुस्तकाची एकच प्रत घ्यायची, आठवडाभर एकाकडे, मग दुसऱ्याकडे. पहिली कादंबरी बर्डीच्या बाजारात जुन्या पुस्तकांत तीस रुपयांना मिळाली. नाव सांगत नाही. एका निवृत्त गृहस्थांनी स्वखर्चाने काढलेली, तीनशे बारा पानं. पहिला आठवडा बँकेतल्याचा. रविवारी तो परीक्षण घेऊनच आला आणि आम्ही अक्षरशः गादीवर लोळलो. नायिकेचा नवरा गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात बुडून मरतो, त्याची तेरवी होते, आणि पुढच्याच प्रकरणात तोच नवरा चुलत बहिणीच्या लग्नात चार जिलब्या खातो! परीक्षणाचं नाव होतं 'मयताची पंगत'. मधेच वाक्य अर्ध्यात तुटतं आणि भलतंच सुरू होतं, त्यावरही त्याने एक अख्खा परिच्छेद घेतला होता. ते परीक्षण त्याने त्याच रात्री ग्रुपवर टाकलं, तिथून ते कुठल्या कुठे गेलं. माझ्या बहिणीला ते अमरावतीहून आलं.

पुस्तक माझ्याकडे आलं चौथ्या आठवड्यात. बत्तीस पानं झाली, पान उलटलं आणि वाक्य तुटलं. मी सवयीने पानाचा आकडा पाहिला. बत्तीसनंतर एकोणपन्नास! चौसष्टपर्यंत गेलं आणि पुढे तेहतीस. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात. घड्या घालून ते फर्मे ओळीने लावले जातात आणि मग शिवले जातात. आमच्या प्रतीत तिसरा आणि चौथा फर्मा बांधणीत मागेपुढे लागले होते. लग्न एक्केचाळीसाव्या पानावर होतं आणि बुडणं सत्तावन्नाव्या. नवरा जिवंत असताना जिलब्या खाऊन गेला होता बिचारा. लेखकाची काडीची चूक नव्हती. चूक एका बाईंडरच्या हाताची होती, तीही कदाचित तेवढ्याच प्रतीत.

मी बँकेतल्या मित्राला फोन केला. म्हटलं, जिथे जिथे ते पाठवलंस तिथे दोन ओळी टाक, की असं असं झालं होतं. तो म्हणाला, "अगं, हसून राहिले होते न सगळे? मंग झालं न! तू इथं पण प्रुफं तपासून राहिली का?" मी विचारलं, पुस्तक किती वाचलंस? ऐंशी पानं.

ऐंशी पानं वाचून त्याने ते पुस्तक निकालात काढलं. आणि माझा खरा राग यापुढचा आहे. दोनशे अकराव्या पानावर खलनायक नायिकेला डांबून ठेवतो आणि सलग अकरा पानं जमिनीचा व्यवहार समजावून सांगतो. सातबारा, आठ-अ, वारसाची नोंद, सगळं. नायिकेचे हात बांधलेले आहेत, आणि ती त्याला सांगते की तुमचा फेरफार क्रमांक चुकलाय. तो तिच्याकडून तपासून घेतो, आभार मानतो आणि परत तिच्या तोंडात बोळा कोंबतो! हे सोनं होतं. ते लेखकाचं स्वतःचं होतं, बाईंडरचं नाही. महसूल खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाशिवाय कुणालाही सुचणार नाही. आमच्या हजरजबाबी मित्राला त्याचा पत्ताच नाही, कारण तो एकशे तीस पानं आधीच थांबला. अर्धवट वाचणारा नसलेल्या चुकीवर हसतो आणि असलेली मजा घालवून बसतो.

त्याने दोन ओळी टाकल्या नाहीत. आम्ही पुढचे सात महिने बोललो नाही. गट चौघांचा झाला आणि अजून चालू आहे.

पुढे मला त्या अर्गॉनबद्दल कळलं ते ऐका. संमेलनांतून फिरणाऱ्या प्रतींत शेवटचं पानच नव्हतं. लोक वर्षानुवर्षं शेवट नसलेल्या गोष्टीवर हसत होते. पूर्ण प्रत २००५मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडली. आणि थीसने १९८४मध्ये रेडिओवरच्या एका मुलाखतीत सांगितलं होतं की आपल्या गोष्टीची अशी थट्टा झाल्याचं दुःख होतं, यापुढे काही लिहिणार नाही. सोळा वर्षांचा पोरगा होता हो तो लिहिताना. हे मी मित्राला पाठवलं तर त्याचं उत्तर आलं, "बरं, पण गोष्ट वाईटच होती न?" होती ना. मी कधी नाही म्हटलं?

आपल्याकडे अत्र्यांनी 'झेंडूची फुलें' या विडंबनकवितांच्या संग्रहात रविकिरण मंडळाच्या कवींना सोडलं नाही, आजही ते वाचताना हसू येतं. कारण त्या कवींची एकेक लकब त्यांना तोंडपाठ होती. न वाचता कुणी तसं लिहून दाखवावं. माझा मित्र म्हणतो, विनोदाला अभ्यास लागत नाही, टायमिंग लागतं. त्याचं टायमिंग माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे, म्हणूनच मला जास्त लागतं. तो माणूस तीनशे बारा पानं वाचून बसला असता तर काय लिहून गेला असता!

असो, तुमचे बाकीचे प्रश्न. निवडताना तीनशे पानांच्या आतलं घ्या, नाहीतर तिसऱ्या महिन्यात चौघींतल्या दोघी उरतील. नुसतं कंटाळवाणं पुस्तक कामाचं नाही. ज्यात लेखकाने जीव ओतलाय आणि तरी गाडं घसरलंय, तेच हवं. प्रत प्रत्येकीकडे वेगळी असेल तर उत्तम, आमचं झालं तसं होणार नाही. उतारा घ्याल तिथे पानाचा आकडा द्या. उताऱ्यांचं विचाराल तर आमच्या वकिलाचं म्हणणं, १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये परीक्षणासाठी रास्त प्रमाणात उतारे घ्यायला मुभा आहे. पण प्रकरणंच्या प्रकरणं फोटो काढून फिरवू नका.

अनुवादित पुस्तक असेल तर जरा जपून. मूळ हाताशी असल्याशिवाय कुणावर हसताय ते कळत नाही, लेखकावर की अनुवादकावर. आणि स्वखर्चाने पुस्तक काढणारा माणूस हयात असेल तर परीक्षण गटातच ठेवा. आम्ही त्या पहिल्या पुस्तकानंतर हा नियम केला. नावाजलेल्या, आवृत्त्यांवर आवृत्त्या निघणाऱ्या लेखकाला खुशाल बाहेर झोडपा, त्याला काही होत नाही. एखादं पुस्तक वाचवतच नसेल, किळस येत असेल, तर सोडा, जबरदस्ती नाही. फक्त मग त्यावर लिहू नका.

गेल्या दिवाळीत तो मित्र फराळाला आला होता. मी ती कादंबरी त्याच्यासमोर ठेवली, दोनशे अकरावर खूण घालून. त्याने उभ्या उभ्या चार पानं वाचली, फेरफारापाशी आला आणि खुर्चीत बसला. मग पुढचीही वाचली. दोन ओळी मात्र अजून कुठे टाकल्या नाहीत त्याने.

प्रत माझ्याकडेच आहे. तुम्ही नागपुरात असाल तर पहिल्या महिन्यासाठी घेऊन जा. बत्तीसावं पान संपलं की मी लावलेल्या पिवळ्या चिठ्ठीपाशी थांबा, सोळा पानं सोडून आधी तेहतीस काढा.