‘दख्खनचा सापळा’ आणि एका कान्याचा प्रश्न

एका शिक्षिकेनं विचारलंय: सहावीच्या मुलांना नागपुरातल्या सेमिनरी हिलवर न्यायचं म्हणून दगडांविषयीचं एक माहितीपत्रक वर्गात वाचून दाखवलं. त्यात ‘दख्खनचा सापळा’ आणि ‘सापळ्यांतर्गत जीवाश्म’ असे शब्द होते. मुलांनी लगेच विचारलं, ‘कोणत्या प्राण्याचा सापळा, मॅडम?’ हे शब्द बरोबर आहेत का?

नाहीत, आणि मुलांचं काहीच चुकलं नाही. मराठीत सापळा म्हणजे उंदराचा पिंजरा आणि सापळा म्हणजे हाडांचा सांगाडासुद्धा. शेजारी ‘जीवाश्म’ आला की कोणाच्याही डोळ्यांपुढे हाडंच येणार. मुळातल्या ‘डेक्कन ट्रॅप’मध्ये मात्र ना पिंजरा, ना हाडं. हा ‘ट्रॅप’ स्वीडिश ‘ट्राप्पा’वरून आला, त्याचा अर्थ जिना, पायऱ्या. दख्खनचं पठार लाव्हाच्या एकावर एक पसरलेल्या थरांचं आहे. प्रत्येक थराचा मधला भाग टणक, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, म्हणून लवकर झिजणारा. त्यामुळे डोंगराच्या उतारावर कडा, सपाटी, पुन्हा कडा अशा पायऱ्या दिसतात. घाटातून जाताना कोणीही त्या मोजू शकतो. तेव्हा ‘दख्खन ट्रॅप’ म्हणा आणि अर्थ पायऱ्यांनी समजावून सांगा. ‘सापळा’ खोडाच.

दुसरी चूक ‘अंतर्गत’ या शब्दात आहे आणि मला ती जास्त खुपते, कारण तिथं भूविज्ञानच उलटं होतं. संस्कृतात ‘अंतर्’ला ‘आत’ आणि ‘मध्ये’ असे दोन्ही अर्थ आहेत, म्हणून हिंदीत ‘अंतरराष्ट्रीय’ चालतं. मराठीनं एका कान्यानं या अर्थांची वाटणी केली. एकाच्या आतलं ते ‘अंतर्’: अंतर्गत, अंतर्देशीय पत्र. दोघांच्या किंवा अनेकांच्या मधलं ते ‘आंतर’: आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय, आंतरमहाविद्यालयीन. (‘आंतरिक ओढ’ या वाटणीत बसत नाही. तो ‘अंतर’पासून ‘इक’ लागून झालेला वेगळा शब्द आहे.) नागपुरात हिंदी आणि मराठी पाट्या एकाच चौकात वाचायची सवय असल्यामुळे आपल्याकडे हा काना फार सहज गळतो.

आता दगडाकडे या. लाव्हाच्या आत जीवाश्म कुठून येणार? त्या रसात शंख-पानं टिकतच नाहीत. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी हे उद्रेक चालू असताना दोन प्रवाहांच्या मध्ये मोठमोठे खंड पडत. थंड झालेल्या दगडावर तळी साचत, काठाला झाडं वाढत, गाळात गोगलगाई राहत. मग पुढचा प्रवाह येई आणि सगळं झाकून टाकी. पाण्यात विरघळलेली सिलिका त्या गाळात मुरली, म्हणून काही ठिकाणी तो चकमकीसारखा कठीण झाला. जीवाश्म सापडतात ते या गाळात, म्हणजे दोन पायऱ्यांच्या मधल्या थरात. म्हणून शब्द हवा ‘आंतरट्रॅपी’.

आणि हा शब्द शिकायला नागपूरसारखी जागा नाही. ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे आहे ते स्टीफन हिस्लॉप धर्मप्रसारासाठी आले आणि इथल्या दगडांत रमले. 1855 मध्ये त्यांनी रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूर परिसराच्या भूरचनेवर आणि जीवाश्मांवर लेख छापला. टाकळीच्या थरातून त्यांना फळं, बिया, शंख मिळाले. तेव्हा गावाबाहेर असलेली टाकळी आज शहरात मुरून गेली आहे आणि तिच्या शेजारच्या वस्तीचं नाव गिट्टीखदान! पुण्याकडचे ‘खडी’ म्हणतील, आपण ‘गिट्टी’ म्हणतो. पण तो काळा दगड तोच.

माझ्याकडे असाच एक तुकडा आहे, वडिलांना विहिरीच्या खोदकामात मिळालेला. राखाडी, नखानं ओरखडा न उठणारा. त्यात बोटाच्या पेराएवढा एक शंख आहे. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की ते तोंड डावीकडे उघडतं. बहुतेक गोगलगाईंचं उजवीकडे उघडतं. ‘फायसा’ कुळातल्यांचं मात्र असं डावीकडे, आणि आंतरट्रॅपी थरांत हा शंख पुष्कळ मिळतो. तो हातात घेतला की तळ्याकाठचा चिखल दिसतो मला, लाव्हा नाही.

माहितीपत्रकातली ओळ अशी करून घ्या: ‘दख्खन ट्रॅपमधील आंतरट्रॅपी थरांतले जीवाश्म’. ‘आंतरट्रॅपियन’ लिहिलंत तरी हरकत नाही, काना तेवढा सांभाळा. सगळ्यात खालच्या लाव्हाच्याही तळाशी जे थर आहेत, जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून ज्यांना ‘लमेटा’ म्हणतात, त्यांना मात्र ‘आंतर’ लावू नका. ते कशाच्याही मध्ये नाहीत; ‘ट्रॅपखालचे थर’ एवढं साधं मराठी तिथं पुरतं.