नेटवर्किंग शिकवायला पहिल्यांदाच उभा राहणार असशील तर

बघ भावा, पहिल्याच तासाला ओएसआयचे (नेटवर्कचं काम थरांत वाटून दाखवणारा नमुना) ७ थर फळ्यावर लिहू नको, पोरं पाठ करतील आणि पेपर झाला की विसरतील. आधी चिठ्ठ्या घे. एका मोठ्या वाक्याचे तुकडे कर, प्रत्येकावर नंबर आणि पाठवणाऱ्याचा, घेणाऱ्याचा पत्ता टाक, आणि वेगवेगळ्या बाकांवरनं पुढं सरकवायला सांग, मधली एखादी गुपचूप काढून घे. तुकडे मागंपुढं पोचतात, एक गायब असतो, मग शेवटचा पोरगा आपणहून ओरडतो की ४ नंबर आलाच नाही! टीसीपीत, म्हणजे नेटवर डेटा नीट पोचवायच्या नियमांत, पण पोच आली नाही की पाठवणारा तो तुकडा परत पाठवतो, आणि हे पोरांनी स्वतः शोधलेलं असतं, मला तेच लई महत्त्वाचं वाटतं. मधल्या बाकाला पुढचा बाक तेवढा माहीत, अख्खा रस्ता नाही, राऊटरचं, म्हणजे तुकडे पुढं ढकलणाऱ्या यंत्राचं, तसंच.

मग लॅबमध्ये ट्रेसर्ट (डेटाचा रस्ता दाखवणारी कमांड) मारायला लाव. कोल्हापुरातनं निघालेलं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, कुठनं कुठनं जातं ते दिसतं, काही ओळीत नुसते स्टार येतील, म्हणजे तिथनं उत्तर आलं नाही, लाईन तुटली असंच नाही. वायफाय म्हणजेच इंटरनेट असं बऱ्याच पोरांना वाटतं, त्यासाठी नेट बंद करून दोन मशीन केबलनं जोड आणि फाईल पाठवून दाखव.