कार्ड नंतर, आधी पोर्ट बघ

भावा, लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड लावायचं असेल तर कार्ड घ्यायची घाई नको, आधी लॅपटॉपचा पोर्ट बघ. नुसतं टाइप-सी असून भागत नाही, थंडरबोल्ट (दिसायला टाइप-सीच, पण कार्ड चालवू शकणारा वेगवान पोर्ट) किंवा तशी सोय असलेला यूएसबी४ लागतो, आणि थंडरबोल्ट ३ ला पण कार्डाला पीसीआयईच्या (कार्ड आणि कॉम्प्युटरमधला डेटाचा रस्ता) ४ च लेन मिळतात, डेस्कटॉपात १६, म्हणून सगळ्यात महागडं कार्ड लावून पैसे घालवू नकोस, मधल्या रेंजचं बास.

असा पोर्ट नसेल तर लॅपटॉपच्या आत एनव्हीएमई एसएसडी (स्टोरेज) बसते त्या एम.२ स्लॉटला अडॅप्टर लावूनही जमतं, स्वस्तात पडतं, फक्त लॅपटॉप चालू असताना त्या अडॅप्टरची केबल काढायची-घालायची नाही, अजिबात नाही! आधी कार्डाचा वेगळा पॉवर सप्लाय ऑन, मग लॅपटॉप. सप्लाय चांगलाच घे रे, तिथे कंजूषी नको.

मॉनिटर थेट कार्डालाच जोड, लॅपटॉपच्या स्क्रीनवर घेतलंस तर चित्र त्याच केबलने परत येतं आणि एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) पडतात.