काचा धुवायचा ब्रश कोणता घेऊ? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पावसाळा संपत आला की काचांचे प्रश्न यायला लागतात, यंदा तर अर्ध्याहून जास्त पत्रं फक्त ब्रशबद्दल आहेत. धंदा म्हणून हे काम करणारे आणि करू पाहणारे बरेच जण लिहितायत याचा खूप आनंद आहे, म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच देतोय.

प्रश्न: नमस्कार दादा, मी आणि माझा मावसभाऊ मिळून वाकडला खिडक्या-काचा साफ करायचं काम सुरू करतोय. दोन सोसायट्या आणि एक गाड्यांचं शोरूम हातात आहे, उंची जास्तीत जास्त चौथा मजला. पाण्याचा पोल (खाली उभं राहून उंचावरची काच धुवायची लांब दांडी, टोकाला ब्रश आणि पाणी) घ्यायचं ठरवलंय पण ब्रश बघायला गेलो तर डोकंच चालेना. नायलॉन, डुकराच्या केसांचा, दोन्ही मिक्स असलेला, दहा इंची, अठरा इंची. दुकानदार म्हणतो सगळ्यात महाग तोच घ्या. नक्की काय घेऊ?

उत्तर: भाऊ, ब्रश आत्ता घेऊच नका, आधी तीनचारशे रुपयांचा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारं यंत्र घ्या आणि जिथे काम करणार तिथलं पाणी मोजा. तुमच्याकडे टँकर आणि बोअरचं पाणी, त्यात क्षार भरपूर. पोलने काच धुताना आपण ती पुसत नाही, ओली सोडून देतो आणि ती आपोआप वाळते, म्हणजे पाण्यात जे काही विरघळलेलं असतं ते सगळं काचेवरच राहतं आणि पांढरे ठिपके दिसतात. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चालवून घेतं, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. प्यायला ते ठीक, काचेला नाही. काचेला शून्य लागतं, फार तर दहापर्यंत निभावतं. म्हणून या कामात आरओ आणि त्याच्यापुढे उरलेसुरले क्षार काढून घेणाऱ्या डीआय रेझिनची टाकी लावतात. नुसतं रेझिन लावलं तर बोअरच्या पाण्याने ते इतक्या लवकर संपतं की कमाई त्यातच जाईल, म्हणून आधी आरओ. पाणी असं शुद्ध असेल तर साबण लागत नाही, घालायचाही नाही, साबणाचा थर राहिला की त्यावर धूळ पटापट बसते.

हे जमलं की ब्रश सोपा आहे. ज्या काचा दर महिन्या-दोन महिन्यांनी धुतल्या जाणार त्यांना साधा नायलॉनचा हलका ब्रश, टोकं फाटलेली असतील असा बघा. ब्रिसलचं, म्हणजे ब्रशच्या केसाचं, टोक चिरून बारीक केलेलं असतं, त्यामुळे ते मऊ पडतं आणि पाणीही जास्त धरतं. दुकानात अंगठ्याने ब्रिसल वाकवून सोडा, सगळे एकसारखे परत उभे राहायला पाहिजेत. मग ब्रश आडवा धरून बाजूने बघा, चांगल्या ब्रशात कडेचे केस लांब आणि बाहेर झुकलेले असतात आणि मधले आखूड, कारण कडेच्यांनी फ्रेमचा कोपरा गाठायचा असतो. सगळे एका पातळीत कापलेले असतील तर तो ब्रश कोपऱ्यात मळ सोडून येतो आणि खालून बघणाऱ्याला नेमका तोच मळ दिसतो.

डुकराच्या केसांचा ब्रश वाईट अजिबात नाही. चिकट मळ, कबुतरांची घाण, वर्षानुवर्षं न धुतलेली काच असेल तर तो नायलॉनपेक्षा चांगला घासतो, मऊही असतो. पण तो पाणी पितो आणि जड होतो, लवकर झिजतो, आणि आपल्या पावसाळ्यात ओला ठेवला तर बुरशी धरतो. शिवाय काही घरांमध्ये डुकराचे केस चालत नाहीत, तेव्हा गिऱ्हाइकाला आधी विचारून घ्या. मिक्स ब्रश म्हणजे मधली वाट. माझं मत स्पष्ट आहे, नवीन धंद्याला पहिला ब्रश नायलॉनचा, आणि पहिल्या धुण्याची घाणेरडी कामं यायला लागली की दुसरा मिक्स घ्या. एकाच ब्रशात सगळं मागू नका.

वजनाकडे लक्ष द्या, हे कोणी सांगत नाही म्हणून जोर देऊन सांगतो. चौथ्या मजल्याला पोहोचायचं तर पोल खूप लांब उघडावा लागतो आणि ब्रश त्याच्या टोकाला असतो, तिथली शंभर ग्रॅम जादा खांद्याला आणि कमरेला संध्याकाळी कळते. म्हणून फ्लॅटच्या खिडक्यांना दहा-बारा इंची पुरे, अठरा इंची ब्रश मोठ्या सलग काचेला ठेवा, आणि तोही पोल कार्बन फायबरचा असेल तरच.

पाणी सोडणाऱ्या जेटचं बघा. काही काचांवर पाणी चादरीसारखं पसरतं, काहींवर थेंब थेंब होऊन पळतं. पसरणाऱ्या काचेला दोन साध्या बारीक धारेच्या जेट पुरतात, ब्रश काचेवरून न उचलता वरून खाली आणला तरी स्वच्छ होतं. थेंब होणाऱ्या काचेला पंख्यासारखी पसरट धार लागते आणि शेवटी ब्रश काचेपासून थोडा उचलून वरून नुसतं पाणी सोडत यावं लागतं, नाहीतर मधले पट्टे कोरडे राहतात. ब्रश घेताना जेट बदलता येतात का ते विचारा. आणि क्रम पाळा, आधी वरची आडवी फ्रेम, मग बाजू, मग काच, फ्रेमवरचा मळ नंतर ओघळला तर सगळी मेहनत वाया.

शोरूमच्या तळमजल्याच्या काचांना पोल नकोच. तिथे मायक्रोफायबरची बाही घातलेली टी-पट्टी (इंग्रजी टी अक्षरासारखी दांडी) आणि स्क्वीजी, म्हणजे पाणी ओढायची रबरी पट्टी. स्क्वीजी पाणी ओढून नेते म्हणून तिथे नळाचं पाणीसुद्धा चालतं. आपल्याकडच्या उन्हाला रबर कडक घ्या, मऊ रबर थंड हवेचं. एका लांब रबरी पट्टीची पितळी स्क्वीजी एत्तोरे स्टेकोने नावाच्या इटलीहून अमेरिकेत आलेल्या काच धुणाऱ्याने केली, १९३६ च्या सुमारास पेटंट घेतलं, आणि अजूनही रचना जवळपास तीच आहे. हाताने काम करणाऱ्याने काढलेलं हत्यार हाताला बसतं ते असं.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. कार्बन फायबरमधून वीज जाते, ॲल्युमिनियममधूनही जाते. वाकडसारख्या भागात बिल्डिंगच्या कडेने महावितरणच्या तारा असतातच. पोल उघडायच्या आधी वर बघायचं, तार जवळ असेल तर ती खिडकी पोलने करायचीच नाही, फायबरग्लासचा ओला पोलही भरवशाचा नाही. इंग्लंडमध्ये २००५ साली उंचीवरच्या कामाचे नियम आले, वर चढणं टाळता येत असेल तर टाळा असा त्यांचा रोख आहे, त्यानंतर तिथे खाली उभं राहून पोलने काचा धुणं खूप वाढलं. खाली उभं राहण्याचा हा फायदा तारेच्या नादात घालवू नका.

प्रश्न: आमची ठाण्यातली सोसायटी, मी सेक्रेटरी आहे. गेल्या महिन्यात काचा धुऊन घेतल्या, आता उन्हात बघितलं की काचांवर ओरखडे दिसतात. बाहेरून आरशासारख्या दिसणाऱ्या काचा आहेत. कामगार म्हणतात आधीपासून होते, सभासद म्हणतात ब्रश कडक होता. खरं कसं कळणार?

उत्तर: ताई, ब्रशवर इतक्यात ठपका ठेवू नका. नायलॉन काचेपेक्षा खूपच मऊ असतं, त्याने काच खरवडली जात नाही. खरवडते ती वाळू. कठीणपणाच्या दहाच्या मोजपट्टीवर वाळूतला क्वार्ट्झ सात, काच साधारण साडेपाच-सहा. ब्रश जमिनीवर टेकवला, बांधकामाची रेती त्यात अडकली, आणि तोच ब्रश न धुता काचेवर फिरवला की ओरखडे पक्के. त्यात ठाण्याला शेजारी कुठेतरी बांधकाम चालू नाही असं होतच नाही. म्हणून करारात लिहून घ्या की पाणी सोडून धूळ आधी वाहून जाऊ द्यायची, मगच घासायचं, आणि ब्रश खाली टेकला तर प्रत्येक वेळी धुवायचा.

आता ओरखड्यांचा आकार बघा, रात्री टॉर्च काचेला तिरका लावून. गोल गोल असतील तर बहुतेक कोणीतरी हाताने कोरड्या फडक्याने किंवा भांड्याच्या घासणीने घासलंय. सरळ, एकमेकांना समांतर बारीक रेघा असतील तर पत्तीने (ब्लेडने) खरवडलंय. टफन केलेल्या, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेल्या काचेवर भट्टीतून आलेले काचेचे बारीक कण कधीकधी चिकटलेले राहतात, पत्ती त्यांना उपटते आणि पुढे ओढत नेते, कामगाराने काळजी घेतली तरी. टफन काचेवर पत्ती लावू नका असं मी तरी सांगतो, रंगाचा डाग असेल तर आधी ओल्या फडक्याने भिजत ठेवून बघा.

तुमच्या काचांना चमकीचा थर आहे, तो बाहेरच्या बाजूला आहे की आत ते तपासा. पेन्सिलचं टोक काचेला बाहेरून टेकवा. टोक आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकांना भिडले तर थर त्याच बाजूला आहे, मधे फट दिसली तर पलीकडे आहे. थर बाहेर असेल तर पत्ती, पावडर, ॲसिड सगळं बंद, फक्त मऊ ब्रश आणि स्वच्छ पाणी. आणि एक, काचेत पडलेला खोल ओरखडा कुठल्याही ब्रशने जाणार नाही, कोणी तसं सांगून पैसे मागितले तर देऊ नका.

प्रश्न: स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकला कुठला ब्रश? (कल्याण)

उत्तर: अरुंद, कडक केसांचा, दीड-दोन सेंटीमीटरचा, जुना टूथब्रशही चालतो. पण आधी कोरडंच झाडा किंवा व्हॅक्यूमने ओढा, पाणी आधी ओतलं की चिखल होतो आणि पाणी बाहेर जायची जी बारीक भोकं असतात ती बुजतात. ती भोकं मोकळी करा, पावसात घरात पाणी येतं ते बऱ्याचदा तीच बुजल्यामुळे.

प्रश्न: आमचं घर गोव्यात, सासष्टीतलं, पणजोबांच्या वेळचं. खिडक्यांना काच नाही, शिंपल्याच्या चकत्या आहेत लाकडी चौकटीत. घर आता पाहुण्यांना राहायला देणार म्हणून सफाईवाले बोलावले तर ते पाण्याचा ब्रश घेऊन आले. मी थांबवलं. बरोबर केलं ना?

उत्तर: अगदी बरोबर केलंत, मनापासून आभार. या चकत्या एका चपट्या शिंपल्याच्या असतात, तो इतका पातळ की उजेड आरपार येतो. तो थरांचा बनलेला असतो आणि थर मुख्यतः कॅल्साइटचे, म्हणजे चुन्याच्याच जातीचे. जोराचं पाणी मारलं की कडेचे पापुद्रे सुटतात, आणि व्हिनेगर, लिंबू किंवा बाथरूमचं ॲसिड लागलं की चकती चक्क विरघळायला लागते, चमक जाते ती परत येत नाही. काचेचं कुठलंही लिक्विड तिथे नेऊ नका.

ब्रश लागेल तो चित्रकाराचा, दोन इंची, मऊ नैसर्गिक केसांचा. कोरडाच वापरा. वरच्या ओळीपासून सुरू करा, चकतीच्या मधून कडेकडे हलका फिरवा, आणि चकती लाकडाच्या खाचेत जिथे बसते तिथे ब्रश उभा धरून नुसत्या टोकाने धूळ काढा, दाबायचं नाही, कारण तिथेच ती सगळ्यात नाजूक असते. एका हाताने मागून तळव्याचा आधार द्या. धूळ चिकटून बसली असेल तर सुती कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळा, टेकवा, उचला, घासू नका, आणि लगेच कोरड्या कापडाने टिपा. लाकूड ओलं राहिलं तर फुगतं आणि फुगलेल्या खाचेत चकती तडकते, म्हणून हे काम पावसाळ्यात करूच नका, डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत करा. अशा चकत्या नव्याने मिळणं अवघड आहे, सुटलेली एकही फेकू नका.

प्रश्न: सोलापूरला घरावर सोलर पॅनेल आहे, धूळ फार. खिडकीचा ब्रश चालेल का?

उत्तर: मऊ नायलॉनचा चालेल, पण खिडक्यांना वापरलेला असेल तर आधी नीट धुऊन. बऱ्याच पॅनेलच्या काचेवर चमक कमी करणारा पातळ थर असतो, त्यामुळे कडक ब्रश आणि पावडर नको. धुवायचं ते सूर्य उगवायच्या सुमारास, तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते आणि पाणीही वाळून डाग पडतात. उजेड असेपर्यंत पॅनेल वीज तयार करतंच, इन्व्हर्टर बंद केला तरी, म्हणून एखादी काच फुटलेली दिसली तर तिला पाणी लावू नका, आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. पॅनेलवर पाय देऊ नका. बोअरचं पाणी असेल तर एसीचं गळणारं पाणी बादलीत साठवा, त्यात क्षार अगदीच कमी असतात, शेवटचा हात त्याने द्या. दोनचार खिडक्यांच्या घरगुती कामालाही ही युक्ती छान चालते.

प्रश्न: माझ्या ब्रशचे केस एका बाजूला वाकलेत, नवीनच आहे, फेकू का? (नाशिक)

उत्तर: थांबा. नायलॉनचा असेल तर बादलीत गरम पाणी घ्या, उकळतं नको, हात पटकन मागे घ्यावा लागेल इतपत. फक्त केस बुडतील असा पाचदहा मिनिटं धरा, हाताने केस सरळ करा आणि केस खाली लोंबतील असा टांगून गार होऊ द्या. बऱ्यापैकी सरळ होतो. डुकराच्या केसांच्या ब्रशला हे करू नका, त्याला साधं पाणी आणि सावलीतला वारा. ब्रश केसांवर उभा करून ठेवायची सवय मात्र मोडा, रात्रभर तसा ठेवला की परत वाकणार. आणि घासताना पाठीमागची प्लास्टिकची पट्टी काचेला टेकल्याचा टक् टक् आवाज यायला लागला की केस संपले, तेव्हा नवीन घ्या.