वसंतदादा पाटील फक्त सातवीपर्यंत शिकले होते, मग ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री कसे काय झाले?

तुमच्या प्रश्नातला तो 'फक्त' वाचून लिहायला बसलोय. एरवी मी इथे वाचून पुढे जातो.

सातवी की आणखी किती, त्यावर वाद घालत नाही. दादा कॉलेजात गेले नव्हते हे खरंच. पण 1942 च्या चळवळीत उतरलेल्या माणसाचा दाखला शाळेत कशाला शोधताय? 24 जुलै 1943 ला सांगली संस्थानचा तुरुंग फोडून ते साथीदारांसह बाहेर पडले. तुरुंग गणेशदुर्गात, म्हणजे किल्ल्यातच. पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावल्या, तटावरून खाली खंदकात उड्या टाकल्या आणि पळत सुटले. पोलीस मागे होतेच. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव गोळ्या लागून हुतात्मा झाले. दादांच्या खांद्यात गोळी घुसली आणि ते सापडले. तेव्हा वय अवघं पंचवीस. त्या वयात आपण काय करत होतो ते ज्याचं त्याने आठवावं.

आता माझं सांगतो. मी चौऱ्याऐंशी सालचा बारावी. गुण बरे होते, पण सरकारी कॉलेजात लागतील इतके नव्हते. तोवर इंजिनिअरिंगच्या जागा मोजक्याच. पुणे, कराड, सांगलीचं वालचंद, मुंबईचं व्हीजेटीआय आणि अशीच दोन-चार. तिथे नंबर लागला नाही की पैसेवाल्यांची पोरं देणगी भरून कर्नाटकात जायची आणि आमच्यासारखी बीएस्सीला. दादा 1983 मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. त्यातल्याच एका नव्या कॉलेजात मला प्रवेश मिळाला. वर पत्र्याचं छप्पर, वर्कशॉपमध्ये लेथ यायचा होता, मास्तर आमच्याहून थोडेच मोठे. फी वडिलांनी उसाच्या बिलातून भरली, उरलेली सोसायटीचं कर्ज काढून. पावती घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर ठेवलेली.

पुढे नोकरी लागली, लग्नाचं बघायला सुरुवात झाली. पोहे खाऊन झाले आणि मुलीच्या थोरल्या भावाने विचारलं, "कॉलेज सरकारी की डोनेशनचं?" ते स्वतः सरकारी कॉलेजचे. मी बशीकडे बघत बसलो. वडील म्हणाले, "फीची पावती आहे, दाखवू का?" मग कुणीतरी पावसाचा विषय काढला. लग्न झालं. पण मेव्हण्यांनी विषय सोडला नाही. दिवाळी असो, बारसं असो, "दाजी, तुमच्या त्या सातवी पास मुख्यमंत्र्याने इंजिनिअरिंगची दुकानं मांडली" हे ठरलेलं वाक्य. मी गप्प बसायचो, कारण बायकोचा भाऊ. आज इथे बोलतो.

मेव्हणे, तुमचे वडील कलेक्टर कचेरीत होते, तुमच्या घरात शिकवणीला मास्तर यायचे. आमच्या गावात बारावी झालेली पोरं बोटांवर मोजण्याइतकी. शिकलेल्या मंत्र्यांनी इतकी वर्षं जागा का वाढवल्या नाहीत, ते आधी सांगा. सरकारकडे पैसे नाहीत, तर ज्यांच्याकडे संस्था उभ्या करायची धमक आहे त्यांना करू द्या, एवढा साधा हिशोब दादांनी केला. साखर कारखान्यातही तोच होता. शेतकऱ्यांनी शेअर घ्यायचे, ऊस घालायचा आणि मालक व्हायचं. आणि हो, तुमचा धाकटा मुलगाही खासगी कॉलेजातच शिकला. तेव्हा दुकान म्हणाला नाहीत.

मूळ प्रश्न राहिलाच. मुख्यमंत्री कसे झाले? एका दिवसात नाही. तुरुंगातून सुटल्यावर जिल्ह्यात काँग्रेस बांधली, 1952 पासून आमदार, सांगलीचा शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा केला, प्रदेशाध्यक्ष झाले, 1972 मध्ये मंत्री. शंकरराव चव्हाणांनी मंत्रिमंडळातून वगळल्यावर राजकीय संन्यास जाहीर केला, आणि 1977 मध्ये त्याच शंकररावांच्या जागी मुख्यमंत्री म्हणून परतले. गावोगावचे कार्यकर्ते नावानिशी ओळखणं हीच त्यांची पदवी होती. तुम्हाला राजकारणात यायचं असेल तर कॉलेज जरूर करा, पण आधी सोसायटीची निवडणूक लढवून बघा.

दादांचं सगळंच बरोबर होतं असं मात्र नाही. त्याच कॉलेजांतून शिक्षणसम्राट निपजले, देणगीचे आकडे फुगले आणि गरिबाचं पोर पुन्हा दाराबाहेरच राहिलं. परवानगी देताना लगाम हातात ठेवायला हवा होता. आमच्या कॉलेजातही लेथ आला तो आम्ही शेवटच्या वर्षाला असताना, हेही मेव्हण्यांना कबूल करतो. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा डाव आहे असं दादा बोलून गेले आणि 1985 च्या महापालिका निवडणुकीत शिवसेनेला आयतं कोलीत मिळालं, तेही त्यांचंच.

1978 मध्ये शरद पवार बाहेर पडले आणि दादांचं सरकार कोसळलं. 'पाठीत खंजीर' म्हणतात ते प्रकरण. त्यावर कुणाला विचारायचं असेल तर वेगळा प्रश्न टाका. त्या बाबतीत मेव्हण्यांचं आणि माझं एकमत आहे.