गोदीच्या पाण्याला गेट कशाला?

प्रश्न : माझे आजोबा मुंबईला प्रिन्सेस डॉकमध्ये टोळीत माल उतरवायचे. नेहमी सांगायचे, "भरती आली की गेट उघडायचं नि जहाज आत घ्यायचं." समुद्राला गेट कशाला लागतं हे मला अजून कळलेलं नाही. भाऊच्या धक्क्याला लाँच लागते तसंच जहाज लागत नाही का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आजोबा अगदी बरोबर सांगायचे, आणि तुम्ही ते इतकी वर्षं लक्षात ठेवलंत याचं फार बरं वाटलं. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो. लाँच छोटी, तिचं निभतं, पण मालाने भरलेली आगबोट उघड्या धक्क्याला बांधली तर सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तिचा तळ गाळात टेकणार. म्हणून आधी मोठी जहाजं लांब नांगर टाकायची आणि माल पडावांतून, म्हणजे माल वाहणाऱ्या छोट्या होड्यांतून, किनाऱ्याला यायचा, म्हणजे प्रत्येक गोणी दोनदा उचला.

यावर उपाय म्हणजे गोदी. जमीन खोदायची, चारी बाजूंनी दगडी धक्के बांधायचे, तोंडाला गेट लावायचं आणि भरतीचं पाणी आत कोंडून ठेवायचं. बाहेर सुकती लागली तरी आत जहाज तरंगतंच. शिवाय पाण्याची पातळी फारशी हलत नाही, त्यामुळे डेक आणि धक्का यांच्यातलं अंतर जवळपास तेवढंच राहतं, क्रेनवाल्याला हात बसतो. उघड्या धक्क्यावर खलाशाला बोलार्डवरचे, म्हणजे धक्क्यावर जहाज बांधायच्या खुंटावरचे, दोर भरतीला सैल करा नि ओहोटीला ताणा असं दिवसभर करावं लागतं, तेही इथे बरंच वाचतं.

कुलाब्याचा ससून डॉक 1875 चा, तो पहिला. तुमच्या आजोबांचा प्रिन्सेस 1880 चा, मग 1888 ला व्हिक्टोरिया. या दोन्हींत मोठी जहाजं भरतीच्या वेळेलाच आत-बाहेर करायची, म्हणजे वेळ चुकली की पुढच्या भरतीपर्यंत थांबा. 1914 च्या अलेक्झांड्रा डॉकला, म्हणजे आजच्या इंदिरा गोदीला, ही अडचण सोडवली. तिथे दोन गेटांच्या मध्ये 228 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद जागा आहे, जहाज त्यात घ्यायचं, मागचं गेट लावायचं, पाणी वर आणायचं आणि मग पुढचं उघडायचं, भरतीची वाट बघत बसायला नको. मला तर हे डोकं चालवलेलं बघून आजही कौतुक वाटतं.

आजोबा 1944 ला कामावर होते का, घरात विचारा. 14 एप्रिलला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजावरचा दारूगोळा फुटला, त्यात प्रिन्सेसचीही वाताहत झाली आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. आपण 14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतो तो त्यांच्याच आठवणीत.

प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया आता भराव घालून बुजवल्यात, कंटेनर ठेवायला, त्यामुळे आजोबांचं गेट बघायला मिळणार नाही याचं मलाही वाईट वाटतं. इंदिरा गोदीत पासाशिवाय सोडत नाहीत. पण बॅलार्ड इस्टेटला जरूर जा, अलेक्झांड्रा डॉक खोदताना निघालेली माती आणि दगड तिथल्याच भरावात घातलेत, म्हणजे तिथल्या फुटपाथवर उभे राहिलात की पायाखाली गोदीचंच खोदकाम आहे.