‘आईला त्यातले काही कळत नाही’

परभणीच्या एका वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

‘माझे वडील राजस्थानातील रावतभाट्याच्या अणुवीज केंद्रात अभियंता होते. १९७६ मध्ये ते रुजू झाले, २०१२ मध्ये निवृत्त होऊन परभणीला परतले आणि गेल्या वर्षी वारले. पाच आठवड्यांनी वर्षश्राद्ध आहे, त्या वेळी आम्ही स्मरणिका काढणार आहोत. पुण्याचा भाऊ म्हणतो, तीत बाबांचे कार्य यावे. “थोर अणुशास्त्रज्ञ” असा मथळाही त्याने ठरवून टाकला आहे. मला वाटते, ते कसे कुटुंबवत्सल होते ते यावे. यावरून आमचे दोन महिने बोलणे बंद आहे. आईला त्यातले काही कळत नाही. ती फक्त जुनी कॅलेंडरे टाकू देत नाही. लग्नाच्या वर्षापासूनची बत्तीस कॅलेंडरे कपाट अडवून बसली आहेत, प्रत्येक तारखेवर तिच्या अक्षरात स, दु किंवा रा आणि मधूनच कसले तरी आकडे. तिचे हट्ट असेच असतात. आमच्याकडे महालक्ष्म्यांचा नैवेद्य आजही अकराच्या आत लागावा लागतो. ताई, भावाला कसे समजवावे?’

भावाला समजावण्याचे सध्या राहू द्या. तुमच्या चार पानी पत्रात आईच्या वाट्याला मोजून चार-पाच ओळी आल्या आहेत आणि त्यांतल्या पहिल्याच ओळीचा मला राग आला. ज्या बाईने नवऱ्याची प्रत्येक पाळी इतकी वर्षे लिहून ठेवली, तिला त्यातले काही कळत नाही, हे तुम्ही कशावरून ठरवले?

सकाळ, दुपार आणि रात्र, ही अक्षरे एवढीच आहेत. पण ती का लिहावी लागत, ते पाहा. अणुभट्टी ही बटण दाबून निजायला जाण्याची वस्तू नव्हे. आतली शृंखला अभिक्रिया थांबवली, तरी इंधनात तयार झालेल्या किरणोत्सारी द्रव्यांचा ऱ्हास चालूच राहतो, आणि बंद केल्याच्या क्षणी पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता तिच्यात निर्माण होतच असते. ती हळूहळू उतरत जाते, पण तोवर तिला थंड ठेवणारे पाणी फिरते राहावेच लागते. रात्री चुलीवर राख ओढली तरी पहाटे निखारा सापडतो, हे तुमच्या आईला कोणी शिकवावे लागले नसेल. म्हणून नियंत्रण कक्षातील खुर्ची लक्ष्मीपूजनालाही रिकामी राहत नाही, आणि म्हणून त्या तारखेवर कुणाच्या ना कुणाच्या घरी ‘रा’ लिहिला जातो.

आता तुमच्या महालक्ष्म्या. माणसाला दुपारच्या पाळीला जायचे आहे आणि जेवणाच्या दिवशी त्याने पानावर बसूनच बाहेर पडावे अशी घरातल्या बाईची इच्छा आहे, तर सोळा भाज्या, पुरण आणि आंबील आवरून नैवेद्य किती वाजता लागायला हवा, याचा हिशेब तुम्हीच करून पाहा. माझा तर्क चुकत असेल तर आई सांगेलच. पण मला तरी तुम्ही ज्याला हट्ट म्हणता त्यात रावतभाट्याच्या पाळीची वेळ दिसते. पाळी संपली, माणूसही गेला, आणि ती बाई अजून अकराच्या आत पान वाढते आहे.

आकड्यांबद्दल मला खात्रीने सांगता येणार नाही. दुधाचा रतीब असेल, किराणाही असेल. मात्र अशा केंद्रात किरणोत्साराच्या भागात काम करणाऱ्याच्या छातीवर किरणोत्सार मोजणारा टीएलडी बॅज असतो, तो ठरावीक काळाने तपासून त्या व्यक्तीला किती मात्रा मिळाली याची नोंद ठेवली जाते, आणि आपल्याकडे वर्षाला ३० व सलग पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट (हे त्या मात्रेचे माप) ही तिची मर्यादा आहे. रावतभाट्याची दुसरी अणुभट्टी १९९४ ते १९९८ या काळात बंद होती आणि तिच्यातल्या, इंधन थंड ठेवणारे पाणी वाहणाऱ्या ३०६ शीतक नलिका बदलण्याचे अवघड काम, तेही किरणोत्साराच्याच भागात, तेव्हा झाले. ती कॅलेंडरे आधी काढा. आकडे नेमके त्याच वर्षांत दाट झालेले दिसले, तर ते दुधाचे नाहीत, आणि मग तुमच्या आईला काय काय कळत होते, याचा विचार तुम्ही दोघा बहीण-भावांनी करा.

भावाला माझा एवढाच निरोप द्या, की वडील अभियंता होते, त्यांना शास्त्रज्ञ करू नये. चांगल्या अभियंत्याला ते आवडत नाही. १९७४ च्या पोखरण अणुचाचणीनंतर कॅनडाने या अणुभट्ट्यांच्या उभारणीतले सहकार्य थांबवले आणि दुसरी अणुभट्टी पुरी करण्याचे काम आपल्या अभियंत्यांवर येऊन पडले. ती १९८१ मध्ये व्यावसायिक वीज देऊ लागली. १९७६ साली रुजू झालेला मराठवाड्यातला मुलगा कसल्या धामधुमीत जाऊन पडला असेल, हे त्याला यावरून समजावे. त्यावर ‘थोर’ची झूल कशाला? तुमचा ‘कुटुंबवत्सल’ही मला फारसा पसंत नाही, हेही सांगून टाकते. ज्याच्याविषयी काही आठवत नाही, त्याच्या निधनवार्तेत हा शब्द हमखास सापडतो.

तुम्ही दोघांनीही स्मरणिकेसाठी काही लिहू नका. उद्या दुपारची जेवणे झाली, की १९९६ चे कॅलेंडर आईच्या पुढ्यात ठेवा, एखाद्या ‘रा’वर बोट ठेवून ‘या रात्री काय झालं?’ असे विचारा आणि गप्प बसा. भावाला फोन लावून स्पीकर चालू ठेवा; त्यालाही मध्ये न बोलण्याची अट घाला. ती ‘ड्यूटी’ म्हणाली तर ‘ड्यूटी’च लिहा, ‘सेवा’ करू नका. तिला रडू आले तर कॅलेंडर मिटू नका, पाणी द्या आणि थांबा. जे उतरेल ते तसेच छापा आणि खाली तिचे नाव घाला. दिवस पस्तीस आहेत आणि कॅलेंडरे बत्तीस. रोज एक घेतले तर तीन दिवस उरतात, ते छापखान्याला लागतील.